‘दुसऱ्यांदा दिली की गुण वाढतातच’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून जळगाव, भुसावळ आणि धुळ्याच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक संदेश फिरतो आहे. एमबीएच्या प्रवेशासाठी जीमॅट देऊन मनासारखे गुण न मिळालेल्यांना तो धीर देतो आणि धीरासोबत सल्लेही देतो. त्याचा सारांश असा : पहिल्या वेळी भीतीमुळे गुण जातात, दुसऱ्या वेळी भीती उरत नाही, म्हणून सोळा दिवसांनंतरची पहिलीच तारीख घ्यावी आणि 640 वरून 700 च्या पुढे जावे. मधल्या काळात रोज एक पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, सोडवावी. गणित आपल्या मुलांचे चांगले असतेच, तेव्हा सगळा वेळ इंग्रजी शब्द पाठ करण्यात घालवावा. परीक्षेत पहिले दहा प्रश्न सांभाळावेत आणि शेवटचे काही अंदाजाने सोडवले तरी बिघडत नाही. दोनपेक्षा अधिक वेळा मात्र बसू नये, कारण महाविद्यालये सगळे गुण पाहतात. सर्वांत शेवटी, ‘कॅट देणाऱ्या मित्रांनाही पाठवा’ अशी विनंती आहे (कॅट ही आयआयएमसारख्या संस्थांसाठीची वेगळी प्रवेश परीक्षा). मी जळगावात संध्याकाळी या परीक्षांची तयारी करून घेतो, त्यामुळे ‘सर, हे खरं आहे का?’ असे विचारत हा संदेश मला निदान सात-आठ जणांनी पाठवला आहे. प्रत्येकाला वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिलेले बरे.

सुरुवात त्यातल्या आकड्यांपासूनच करावी लागते. आजच्या जीमॅटमध्ये 640 गुण कोणालाही मिळत नाहीत आणि 700 ही मिळत नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये परीक्षेचे नवे रूप आले आणि जुने रूप 31 जानेवारी 2024 नंतर बंद झाले. नव्या परीक्षेचे एकूण गुण 205 ते 805 या पट्टीवर दिले जातात आणि प्रत्येक गुणसंख्येचा शेवटचा अंक 5 असतो. जुन्या पट्टीवरच्या 700 ची बरोबरी साधारणपणे नव्या पट्टीवरच्या 645 शी लावली जाते. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी परीक्षा आहे ती आता अस्तित्वातच नाही, आणि ज्याला आज 645 मिळाले आहेत तो जुन्या ‘सातशे’च्या हिशेबाने स्वतःला नापास समजून पुन्हा वीस हजारांहून अधिक शुल्क भरायला निघाला आहे. अशा एका मुलाला मी प्रत्यक्ष थांबवले आहे. त्याला हव्या असलेल्या अभ्यासक्रमासाठी ते गुण पुरेसे होते; कमी होते ते त्याच्या अर्जातले निबंध.

आता भीतीचा मुद्दा घेऊ. यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. खानदेशातून परीक्षा केंद्र गाठायचे म्हणजे बहुतेकांना रात्रीच्या गाडीने मुंबईला किंवा पुण्याला जावे लागते, झोप धड होत नाही, आणि परतताना स्टेशनवर घ्यायला आलेला काका पहिला प्रश्न ‘कितला पडनात?’ हाच विचारणार हे जाताना ठाऊक असते. या सगळ्याचा परिणाम गुणांवर होतो. पण तो किती झाला हे मोजण्याची सोय आहे आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात सोडवलेल्या अधिकृत मॉकचे गुण समोर ठेवावेत. ते 635, 655, 645 असे असतील आणि प्रत्यक्षात 575 मिळाले असतील, तर त्या दिवशी काहीतरी बिनसले हे उघड आहे, आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा बसणे शहाणपणाचे ठरते. मॉकमध्येच 585, 575, 595 असतील आणि परीक्षेतही 585 मिळाले असतील, तर भीतीला दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षेने जे होते तेच सांगितले. अशा विद्यार्थ्याने सोळा दिवसांनी काहीही न बदलता परीक्षा दिली तर गुण दहा-वीसने वर जातील किंवा दहा-वीसने खाली येतील, आणि दोन्हींचा अर्थ सारखाच असेल. सोळा दिवस ही दोन परीक्षांमधल्या सर्वांत कमी अंतराची अट आहे. संदेशाने तिचेच वेळापत्रक करून टाकले आहे.

‘रोज एक पूर्ण मॉक’ हा सल्ला ऐकायला मेहनतीचा वाटतो, म्हणून तो सर्वांत जास्त पाळला जातो आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. परीक्षा घेणारी संस्था स्वतःच्या पूर्ण मॉक मोजक्याच देते : दोन विनामूल्य आणि चार विकत. पहिल्या प्रयत्नात त्यांतल्या बहुतेक वापरून झालेल्या असतात. त्याच पुन्हा सोडवल्या तर पाहिलेले प्रश्न समोर येतात आणि गुण फुगतात, तर इतर ठिकाणच्या मॉकची गुण मोजण्याची पद्धत खऱ्या परीक्षेशी जुळेलच असे नाही. मॉक हा वजनकाटा आहे. रोज काट्यावर उभे राहिल्याने कोणाचे वजन बदलत नाही.

काय केल्याने बदलते, ते एका प्रश्नावरून दाखवतो. हा प्रश्न मी वर्गासाठी तयार केलेला आहे. एका विद्यार्थ्याने 35 रुपयांच्या काही वह्या आणि 16 रुपयांची काही पेने घेतली, वह्या किती? पहिले विधान : एकूण 201 रुपये झाले. दुसरे विधान : वह्या आणि पेने मिळून 9 नग होते. उत्तर काढायचे नसते. कोणत्या विधानावरून उत्तर निघू शकते एवढेच सांगायचे असते. गेल्या वर्षी दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करणाऱ्या एका मुलाने क्षणात ‘दोन्ही विधाने मिळून’ असे उत्तर दिले, कारण अज्ञात दोन असले की समीकरणेही दोन लागतात हे शाळेपासून डोक्यात बसलेले. पण वह्या अर्ध्या-पाऊण घेता येत नाहीत. एक वही धरली तर उरलेले 166 रुपये 16 ने भागले जात नाहीत, दोन धरल्या तर 131 ही जात नाहीत, तीन धरल्या की 96 उरतात आणि बरोबर सहा पेने येतात. चार किंवा पाच वह्यांना पुन्हा भाग जात नाही, आणि वहीच घेतली नाही असे धरले तरी 201 ला 16 ने भाग जात नाही. पहिले विधान एकटेच पुरेसे आहे.

मुलाने आपल्या चुकांच्या वहीत या प्रश्नापुढे लिहिले होते, ‘सिली मिस्टेक’. मी त्याला मागची पाने उलटायला सांगितले. बसमधल्या प्रवाशांच्या एका प्रश्नापुढे हेच दोन शब्द, खुर्च्यांच्या रांगांच्या प्रश्नापुढेही तेच. तिन्ही ठिकाणी चूक एकच होती : मोजायच्या वस्तूंची संख्या पूर्णांकच असते, ही न लिहिलेली अट त्याने वापरलीच नव्हती. ‘सिली मिस्टेक’ म्हटले की चूक संपली असे वाटते, आणि ती पुढच्या परीक्षेत नव्या कपड्यांत पुन्हा येते. आमच्याकडच्या केळीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको : नवतीच्या, म्हणजे पहिल्या लागवडीच्या, कंदांत कीड राहिली असेल तर पिलबागेला, म्हणजे त्याच कंदांच्या पिलांपासून घेतलेल्या पुढच्या पिकाला, कितीही खत घातले तरी ती वर येतेच. त्या मुलाने पुढचे पाच आठवडे एकही पूर्ण मॉक सोडवली नाही. जुने चुकलेले सुमारे दीडशे प्रश्न त्याने पुन्हा सोडवले, प्रत्येकापुढे चुकीचे कारण एका पूर्ण वाक्यात लिहिले आणि ती वाक्ये एकत्र लावली, तेव्हा कारणे अकराच निघाली.

परीक्षेनंतर मिळणारा सविस्तर अहवालही याच कामाचा आहे. कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत किती बरोबर आले आणि वेळ कुठे गेला हे त्यातून कळते. संदेश त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

गणित सोडून इंग्रजी शब्द पाठ करण्याचा सल्ला दोन्ही टोकांनी चुकीचा आहे. नव्या परीक्षेत क्वांट (गणित), व्हर्बल (भाषा) आणि डेटा इनसाइट्स (माहितीचे विश्लेषण) असे तीन विभाग आहेत आणि एकूण गुणांत तिघांचा वाटा सारखा आहे. भूमिती क्वांटमधून गेली आहे, व्याकरणाचे वाक्यदुरुस्तीचे प्रश्न व्हर्बलमधून गेले आहेत, आणि वर दाखवलेल्या विधानांच्या प्रश्नांची जागा आता डेटा इनसाइट्समध्ये आहे. ‘गणित चांगले आहे’ म्हणून निश्चिंत राहिलेली मुले नेमकी या तिसऱ्या विभागात गुण गमावताना मी पाहतो. व्हर्बलमध्ये उरले आहे ते उतारा वाचून समजणे आणि युक्तिवाद तपासणे. शब्दांचे अर्थ तिथे थेट विचारलेच जात नाहीत.

मराठी माध्यमातून आलेली मुले इथे चुकतात ती इंग्रजी येत नाही म्हणूनच असे मानण्याची घाई करू नये. वर्गात मी एकदा असा युक्तिवाद दिला होता : जिल्ह्यात गेल्या वर्षी केळीचे क्षेत्र वाढले, यंदा भाव पडले, म्हणजे क्षेत्र वाढल्यामुळेच भाव पडले; हा निष्कर्ष कशाने कमकुवत होईल? रावेरकडच्या एका मुलाने पर्याय निवडला, ‘व्यापारी जाहीर भावापेक्षा कमी भाव देतात.’ त्याच्या घरी केळी आहे, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे, आणि तो तावातावाने वाद घालू लागला. त्याचे म्हणणे खरेच होते. पण व्यापारी हे दरवर्षी करत असतील, तर यंदाच भाव का पडला याचा खुलासा त्यातून होत नाही. ‘याच काळात निर्यातीसाठीची खरेदी निम्म्यावर आली’ हा पर्याय तो खुलासा करतो. दोन्ही पर्यायांतला एकही इंग्रजी शब्द त्याला अडला नव्हता. विधान खरे असणे आणि ते या युक्तिवादाला लागू पडणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या नव्हत्या, आणि तीन हजार शब्द पाठ करूनही त्या वेगळ्या झाल्या नसत्या. यासाठी पुण्यालाच क्लास लावला पाहिजे असेही नाही; उत्तर चुकल्यावर कोणाशी तरी वाद घालायला मिळाला म्हणजे झाले.

पहिल्या दहा प्रश्नांची गोष्ट फार जुनी आहे. ही परीक्षा उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते, यावरून ‘सुरुवात चांगली झाली की गुण पक्के’ अशी समजूत पसरली. हिशेब करून पाहावा. क्वांटमध्ये 45 मिनिटांत 21 प्रश्न असतात, म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटांपेक्षा किंचित अधिक. पहिल्या दहांना तीन-तीन मिनिटे दिली तर उरलेल्या अकरा प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राहतात, म्हणजे एकेकाला दीड मिनिटही नाही. गुणांचा अंदाज शेवटच्या प्रश्नापर्यंत बदलत राहतो, आणि विभाग अपुरा राहिला तर त्याचा दंड वेगळा बसतो. शिवाय आता प्रत्येक विभागाच्या शेवटी, वेळ उरला असेल तर, तीन उत्तरे बदलण्याची मुभा आहे. पहिल्या दहांत वेळ उधळणाऱ्याला ती वापरताच येत नाही.

महाविद्यालये सगळे गुण पाहतात, हा मुद्दा थोडक्यात संपतो. केंद्रावर परीक्षा दिली असेल तर आधी स्वतःचे गुण दिसतात आणि मग ते कोणाकडे पाठवायचे हे ठरवता येते. न पाठवलेला प्रयत्न महाविद्यालयाला दिसत नाही. बारा महिन्यांत पाच वेळा बसता येते आणि गुण पाच वर्षे चालतात. तिसऱ्यांदा बसावे की नाही हे चुकांच्या वहीत नवे काही उरले आहे का आणि खिशाला परवडते का, यावर ठरवावे.

राहिली शेवटची विनंती. कॅट वर्षातून एकदाच होते, त्यामुळे सोळा दिवसांचा हिशेब तिथे मुळातच लागू होत नाही, आणि पुढच्या वर्षी बसणाऱ्याला मागच्या वर्षीच्या गुणांचा उपयोग नसतो. पण त्याहून घातक आहे ती अंदाजाने उत्तरे देण्याची सूचना. जीमॅटमध्ये वेळ संपत आल्यावर उरलेल्या प्रश्नांना अंदाजाने का होईना उत्तर देणे योग्यच आहे, आणि राज्याच्या एमबीए सीईटीत 200 प्रश्नांना 150 मिनिटे असून चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नसल्याने तिथेही काही कोरे सोडू नये. कॅटमध्ये मात्र बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले की एक गुण जातो. फक्त उत्तर स्वतः टाइप करायच्या प्रश्नांना ही वजावट नाही. कॅटच्या मित्रांना संदेश पाठवायचाच असेल, तर ती एक ओळ तरी त्यातून काढून मग पाठवावा.