खुलासा : जॉपलिनचा पिवळा कॅल्साइट विषारी नाही

'अमेरिकेतल्या जॉपलिनच्या खाणीतले पिवळे स्फटिक घरात ठेवू नका, त्यात शिसं असतं' असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

मिसुरी, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या राज्यांच्या सीमेवरच्या या पट्ट्यात शंभरहून अधिक वर्षं शिसं आणि जस्त काढलं गेलं. शिसं होतं ते गॅलेना या खनिजात, जस्त स्फॅलेराइट या खनिजात. मधाच्या रंगाचा, कुत्र्याच्या सुळ्यासारखा टोकदार स्फटिक म्हणजे कॅल्साइट, आपल्या चुनखडीचाच घटक. व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतो. (चांगल्या नमुन्यावर हा प्रयोग कृपया करू नका, चकाकी कायमची जाते.)

भीतीचं मूळ मात्र खरं आहे. तिथल्या पिचर गावात खाणीच्या कचऱ्याचे डोंगर उभे राहिले, त्यांची धूळ घराघरांत गेली, मुलांच्या रक्तात शिसं सापडलं. शेवटी गावच रिकामं करावं लागलं. ते दुःख खरंच मोठं आहे, पण दोष त्या धुळीचा, कॅल्साइटचा नव्हे.

नमुन्याच्या बुडाशी करडे, चकचकीत चौकोनी ठोकळे दिसले तर ते गॅलेना. असा नमुना लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा.