शहराचं घर भाड्याचं असू नये

टॉवर ब्रिजशेजारची ती काचेची, एका अंगाने कललेली गोलसर इमारत लंडनला येऊन गेलेल्या कितीतरी जणांच्या फोटोत असते. तो लंडनचा सिटी हॉल होता. 2002 मध्ये सुरू झाला आणि 2021 संपता संपता महापौरांचं कार्यालय तिथून हललंसुद्धा. इमारत शहराची नव्हतीच, 25 वर्षांच्या कराराने भाड्याने घेतलेली होती. मला याचा अजूनही राग येतो.

वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी ती दक्षिणेकडे कलती ठेवली, म्हणजे वरच्या मजल्याची सावली खालच्या मजल्यावर पडावी. आतला गारवा राखायला जमिनीखालचं थंड पाणी वापरलं. सभागृहात प्रेक्षकांच्या जागेवर बसलं की काचेपलीकडे थेट नदी आणि टॉवर ऑफ लंडन. मान वर केली की डोक्यावरून वळसे घेत चढत जाणारा रॅम्प. निवडून दिलेल्यांचा कारभार लोकांनी वरून बघावा, ही त्यामागची कल्पना मला मनापासून आवडायची.

आणि अशा इमारतीची मालकी 2013 मध्ये कुवेत सरकारच्या मालमत्ता कंपनीकडे गेली! बाहेरचं अंगणही खासगीच.

लंडनचं हे दुसऱ्यांदा झालं. 1922 पासून संसदेसमोर, नदीपलीकडे काउंटी हॉल होता, लंडनच्या निवडून आलेल्या परिषदेचं मुख्यालय, स्वतःच्या मालकीचं. ऐंशीच्या दशकात परिषदेचे नेते केन लिव्हिंगस्टन यांनी त्याच्या छपरावर बेरोजगारांचा आकडा लावला, समोरच्या खासदारांना रोज दिसेल असा. 1986 मध्ये थॅचर सरकारने ती परिषदच बरखास्त केली. इमारत जपानी कंपनीला विकली गेली. आज तिथे मत्स्यालय आणि हॉटेलं आहेत. पुढची 14 वर्षं अख्ख्या लंडनसाठी निवडून आलेलं प्रशासनच नव्हतं. 2000 मध्ये ते परत आलं, पण हक्काचं छप्पर आलं नाही.

कोविडमध्ये तिजोरीला खड्डा पडला, तेव्हा भाडं, कर आणि सेवाशुल्क मिळून वर्षाला होणारा एक कोटी पौंडांहून जास्त खर्च डोळ्यांत खुपू लागला. महापौर सादिक खान यांनी मुक्काम रॉयल डॉक्समधल्या ‘क्रिस्टल’मध्ये हलवला. ती इमारत निदान प्रशासनाच्या मालकीची आहे, त्यामुळे हा निर्णय मला पटतो. पण ती 2012 मध्ये प्रदर्शनासाठी बांधलेली, शहराच्या मध्यापासून लांब, पूर्वेच्या जुन्या गोदीत. वाट वाकडी करून तिथे कोण जाऊन बसणार? माझा राग आहे तो मूळ करारावर. शहराला महापौर दिलात, तेव्हाच ती जागा त्याच्या नावावर का करून दिली नाहीत?