जॅनिसरीच्या टोपीवरचा चमचा खराच आहे

तुर्की जॅनिसरी, म्हणजे उस्मानी (ऑटोमन) सुलतानाच्या खास पायदळातल्या शिपायाच्या छोट्या मूर्तीचा फोटो आणि खाली ठणकावून लिहिलेला मजकूर सध्या मिनिएचर जमवणाऱ्यांमध्ये जोरात फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: टोपीवरचा चमचा आणि हातातली बंदूक ही खेळणी बनवणाऱ्यांची करामत, खरा जॅनिसरी दाढीवाला, चिलखतातला, फक्त तलवार चालवणारा निव्वळ गुलाम, आणि हेच जॅनिसरी पुढे दख्खनेत तोफा ओतायला आले.

आधी चमचा बघू, कारण सगळ्यात जास्त हसं त्याचंच झालंय. जॅनिसरींच्या पांढऱ्या नमद्याच्या टोपीला पुढे कपाळाशी पितळी खोबण असे, आणि तीत चमचा खोवलेला असे. या फौजेचा सगळा मान स्वयंपाकाच्या हंड्याभोवती फिरत होता. पलटणीच्या प्रमुखाचा हुद्दाच ‘चोर्बाजी’, म्हणजे सूपवाला (उच्चारावरून भलतं काही समजू नका). लढाईत हंडा शत्रूच्या हाती लागणं म्हणजे पलटणीची नामुष्की, आणि सुलतानाविरुद्ध बंड पुकारायचं तर हाच हंडा पालथा घालायचा. १:७२ मापाच्या मूर्तीची उंची जेमतेम अडीच सेंटिमीटर, त्यात चमचा म्हणजे नखाने चाचपावा असा उंचवटा. रंगवणारे तो टोपीबरोबरच पांढरा करून टाकतात. बारीक ब्रशाने पितळी ठिपका दिला की लगेच उठून दिसतो.

टोपीची मागे लोंबणारी घडी हाजी बेक्ताश या सूफी संताच्या बाहीची आठवण, असंही सांगतात. गोष्ट छान आहे, पण हा संत तेराव्या शतकातला आणि जॅनिसरी फौज उभी राहिली चौदाव्यात, तेव्हा दोघांची गाठ पडणंच शक्य नाही.

बंदुकीबद्दल तर वाद घालायचंच कारण नाही. १५१४ साली चाल्दिरानला इराणच्या शाह इस्माईलचे घोडेस्वार आणि १५२६ साली मोहाचला हंगेरीचे सरदार जॅनिसरींच्या बंदुकांपुढे आणि उस्मानी तोफांपुढे कोसळले. तिरकमठाही बरीच वर्षं सोबत होता, तेव्हा धनुष्यवाली मूर्तीही चूक नाही.

दाढी? साध्या शिपायाला तिची मनाई होती, मिशा मात्र भरघोस. चिलखत बहुतेकांच्या अंगावर नसे. असे ते लोकरी कापड, आणि ते सलोनिका (आजचं ग्रीसमधलं थेस्सलोनिकी) शहरातल्या ज्यू विणकरांकडून सरकार कराच्या रूपात वसूल करी.

‘गुलाम’ या शब्दात अर्धं सत्य आहे. बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतली मुलं सक्तीने उचलून, धर्म बदलून ही फौज भरली जाई. त्यातली क्रूरता लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांना दर तीन महिन्यांनी पगार मिळे, पुढे लग्नाची बंदीही सैल झाली आणि सतराव्या शतकात तर इस्तंबूलमध्ये हेच लोक दुकानं थाटून बसले, नोकरीत आपली पोरं चिकटवू लागले. १६२२ साली त्यांनी सुलतान दुसऱ्या उस्मानला पदच्युत केलं आणि त्याचा जीवही गेला. दुसऱ्या महमूदने १८२६ साली बराकींवर तोफा डागल्या, तेव्हाच ही फौज संपली.

राहिली दख्खन. मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली ती मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराने. ‘रूमी’ म्हणजे तुर्की मुलखाकडचा, एवढंच. तोफा ओतणं हे ओतकाऱ्याचं काम. त्यावरून त्याला जॅनिसरी ठरवणं म्हणजे प्रत्येक पुणेकराला पेशवा म्हणण्यासारखं.

मूर्तीत खोट काढायचीच असेल तर बंदुकीच्या चापाकडे बघा. डब्यावर ‘मोहाच १५२६’ छापलं असेल तर ती तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी हवी. गारगोटीचा चाप दिसला, तर तो शिपाई कित्येक दशकं उशिरा रणांगणावर पोचलाय.