लूप आधी मराठीत म्हणून पाहावा

लूप म्हणजे संगणकाला एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना. ती पाहताक्षणी समजते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सांगलीत गेली बारा वर्षे प्रोग्रामिंग शिकवताना मला नेमका उलट अनुभव आला आहे.

सी या प्रोग्रामिंग भाषेतील, १ पासूनचे अंक छापणारा फॉर लूप घ्या. सुरुवात, अट आणि वाढ या तिन्ही गोष्टी एकाच कंसात शेजारी शेजारी बसतात. पण त्यांतील तिसरी, म्हणजे ‘आय प्लस प्लस’ (आय हा आकडा एकाने वाढवा), लिहिली जाते आधी आणि घडते मात्र महिरपी कंसातले सगळे काम उरकल्यावर. त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचत जाणाऱ्या मुलाला पहिल्याच फेरीत १ ऐवजी २ छापले जाईल असे वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही.

पायथॉन ही भाषा सुटसुटीत दिसते, तरी तिच्यात फेऱ्यांसाठी ओळीने अंक देणारी रेंज(१, १०) ही ९ वरच थांबते. शेवटचा अंक वगळला की दोन टोकांची वजाबाकी हीच फेऱ्यांची संख्या ठरते, हा संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये मांडलेला मुद्दा मला पटतो. परंतु ‘सोमवार ते शनिवार’ म्हणताना शनिवार धरणाऱ्या आपल्या कानाला तो मुद्दाम शिकवावा लागतो.

अट खरी असेपर्यंत फिरत राहणाऱ्या व्हाइल लूपचे तसे नाही, कारण ‘जोपर्यंत–तोपर्यंत’ आपल्या बोलण्यातच आहे. पावसाळ्यात कृष्णा नदीवरील आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी इथे घरोघरी विचारली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ‘जोपर्यंत पाणी ४० फुटांच्या खाली आहे, तोपर्यंत दर तासाला पातळी नोंदवा’ हे वाक्य मुले सहज व्हाइलमध्ये उतरवतात, आणि ‘सर, बरोबर ४० झाले तर?’ असा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा समान’ यांतला फरक मग वेगळा समजवावा लागत नाही.

चूक होते ती दुसरीकडे. ‘पासवर्ड बरोबर येईपर्यंत विचारत राहा’ असे सांगितले, की निम्मा वर्ग व्हाइलच्या अटीत ‘पासवर्ड बरोबर आहे’ असेच लिहितो, आणि चुकीचा पासवर्ड दिल्यावर लूप पुन्हा विचारतच नाही. पास्कल भाषेतल्या रिपीट–अंटिल लूपमध्ये तीच अट योग्य ठरली असती, कारण तिथे थांबण्याची अट लिहायची असते. हेच वाक्य ‘जोपर्यंत बरोबर येत नाही, तोपर्यंत’ असे मोठ्याने म्हणायला लावले, की तो ‘नाही’ अटीत आपोआप येतो.

आमच्या अभ्यासक्रमात फॉर आधी आहे. मी मात्र पहिले दोन आठवडे फक्त व्हाइल शिकवतो, आणि त्याचे संक्षिप्त रूप म्हणून फॉर नंतर फळ्यावर लिहितो.