आमच्या वतीने कुणीतरी उठा

"तुम्ही रुग्णच बोलला नाहीत, तर कोण बोलणार?" हा प्रश्न मला आता ऐकवत नाही.

मला तीव्र एमई आहे, म्हणजे मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस. यात झेपेल त्याहून थोडं जास्त झालं, मग ती अंघोळ असो की गप्पा, की एकदोन दिवसांत सगळी लक्षणं उसळतात. कधी माणूस कायमचा आणखी खाली जातो. साधारण पाव हिस्सा रुग्ण घरात किंवा अंथरुणात अडकलेले असतात. एकेकाळी मोर्चांची पत्रकं लिहिणारी मी आज त्यांतलीच. ही पोस्ट मी थोडी थोडी सांगितली, बहिणीने टाइप केली.

२०११ मध्ये एमईच्या उपचारांवरची ब्रिटनमधली 'पेस' ही वैद्यकीय चाचणी प्रसिद्ध झाली. व्यायाम हळूहळू वाढवा, सुधाराल, असा तिचा निष्कर्ष. रुग्ण ओरडून सांगत होते की याने आम्ही आणखी आजारी पडतोय. ऑस्ट्रेलियातल्या ॲलेम मॅथीझ या रुग्णाने माहिती अधिकारात मूळ आकडे मागितले. चाचणी चालवणाऱ्या लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने ते न देण्यासाठी वकील उभे केले. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने आकडे द्यायला लावले. चाचणीआधी ठरवलेले मूळ निकष लावल्यावर 'बरे झालेल्यांचं' २२ टक्के प्रमाण एक आकडी झालं. २०२१ मध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने अशा व्यायामाची शिफारस काढून टाकली. ॲलेम मात्र त्या लढाईत खचला आणि अंथरुणाला खिळला.

त्याचं नाव सगळे अभिमानाने घेतात. मला अभिमान वाटतो, पण त्याहून जास्त संताप येतो. हे काम धडधाकट संशोधकांचं होतं, पत्रकारांचं होतं. ते एका आजारी माणसाने स्वतःचं उरलंसुरलं शरीर घालून का करावं?

२०१६ पासून एमई रुग्णांसाठीच्या 'मिलियन्स मिसिंग' आंदोलनात रुग्णांच्या जागी त्यांचे रिकामे बूट रस्त्यावर मांडतात. तेही कुणीतरी उचलून न्यावेच लागतात ना!

आपल्याकडे तर अजून "टेन्शन घेऊ नका, फिरायला जात जा" इथेच गाडी अडली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, एमई नाही. एमईचा समावेश मागायला निवेदन लिहावं लागेल, मंत्रालयात खेटे घालावे लागतील. माझ्याच्याने ते होणार नाही. चळवळीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, हे तुम्ही करा. मसुदा पाठवा, मी जमेल तेव्हा वाचेन. उत्तरासाठी थांबू नका. आणि बैठकांना येत नाही म्हणून माझं नाव यादीतून काढू नका.

कमेंटना उत्तरं देता येणार नाहीत. ज्यांना निवेदनाचं काम घ्यायचंय, त्यांनी बहिणीला मेसेज करा.