रविवर्म्याची सही म्हणजे तैलचित्र नव्हे

‘देवघरातल्या लक्ष्मीवर रविवर्म्याची सही असेल, तर ते मूळ तैलचित्र, किंमत कोटींत’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे. जलरंगांकडून तैलरंगांकडे वळलेल्या राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून चित्रं छापणारा छापखाना, काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, वरून वार्निश, काही प्रतींवर कॅनव्हाससारखा पोत उठवणारा दाब. फसगत होते ती या खडबडीत पोतामुळेच. दहापट भिंगातून लक्ष्मीचा गाल बघा: बारीक रंगीत ठिपके दिसले, तर चित्र छापील. खालच्या पट्टीवर प्रेसचं नाव असायचं, पण चौकटीत बसवताना ती बरेचदा कापली जाई. आणि सही? तीही चित्राबरोबर छापलेली. १९०६ मध्ये चित्रकार गेले, छपाई मात्र चालूच राहिली.