पेनांगला वाढदिवस करताय? हॉटेलातला बुफे रद्द करा

वाढदिवसासाठी मलेशियातल्या पेनांगला जाणाऱ्यांचा बेत बहुतेकदा ठरलेला असतो. दिवसभर फिरायचं आणि रात्री हॉटेलात बुफे, केक, फोटो. माझं मत विचाराल तर पैसे वाया. पेनांगची राजधानी जॉर्जटाउन, तिथलं खरं खाणं गाड्यांवर आणि जुन्या कॉफीशॉपांत आहे. तिथे एकेक माणूस वर्षानुवर्षं एकच पदार्थ करत असतो. बुफेत तेच पदार्थ झाकणाखाली घाम गाळत पडलेले असतात.

'चार क्वे तियाव' या परतलेल्या पदार्थाचंच बघा. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, अंडं, मुगाचे मोड, डुकराची चरबी, सगळं कडक तापलेल्या कढईत दोन-तीन मिनिटांत परतायचं. चांगला गाडीवाला एका वेळी एक, फार तर दोन प्लेटी करतो. पाच-सहा एकदम टाकल्या तर कढई गार पडते, मोडांना पाणी सुटतं आणि पट्ट्या परतण्याऐवजी शिजून लगदा होतात. त्यामुळे सहा जण असलात तरी दोन प्लेटी मागवा, वाटून खा, मग पुढच्या सांगा. त्यातले शिंपले अर्धकच्चे असतात. त्यातून कावीळ होऊ शकते, तेव्हा सरळ 'तक माऊ केरांग' म्हणा, म्हणजे शिंपले नकोत.

पण कोकणी जिभेला खरी ओळख पटेल ती असाम लाक्साची. त्यातला मासा आपला बांगडाच. आंबटपणा चिंचेचा आणि असाम गेलुगोर या फळाच्या वाळवलेल्या चकत्यांचा, आणि हे झाड कोकमाचं सख्खं नातेवाईक, दोन्ही गार्सिनिया या एकाच वनस्पतिगटातली. बांगडे उकडून, काटे काढून, कुस्करून पुन्हा रश्शात सोडतात. त्यात गवती चहा, लाल मिरची आणि बेलाचान, म्हणजे बारीक कोळंबी आंबवून केलेला उग्र वासाचा गोळा. खाली तांदळाच्या जाड शेवया, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना. सोबत चमच्यात काळा, चिकट, गोडसर पाक येतो. तो कोळंबीचा, नाव 'हे को'. नवखे लोक तो आल्याआल्या ढवळून टाकतात आणि रश्शाचा आंबटपणा मारतात. आधी नुसता रस्सा प्या, मग पाक थोडाथोडा मिसळा. केक लोक सी मंदिराच्या पायथ्याला एर इतामच्या बाजारापाशी हा पदार्थ मिळतो. दुपारी भूक लागायच्या आत जा. (सयामी लाक्सा वेगळा, त्यात नारळाचं दूध असतं. गल्लत करू नका.)

केक हवाच असेल तर खुशाल कापा, पण तिथल्या हॉकिएन (चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या) घरांत वाढदिवसाला 'मी सुआ' करतात: गव्हाच्या केसासारख्या बारीक शेवया आणि उकडलेली अंडी. शेवया लांब म्हणून आयुष्य लांब, तेव्हा तोडायच्या नाहीत. चूल असलेल्या अपार्टमेंटात उतरला असाल तर सुकी पाकिटं आणून स्वतःच करा. दोघांना 100 ग्रॅम पुरतात. शेवयांतच भरपूर मीठ असतं, म्हणून त्या सूपमध्ये थेट टाकायच्या नाहीत. वेगळ्या उकळत्या पाण्यात मिनिटभर शिजवून, निथळून मग गरम चिकन सूपमध्ये घालायच्या. सूपला मीठ अगदी बेताचं. आणि फोटो नंतर! दहा मिनिटांत त्या सगळं सूप पिऊन फुगतात.

गोडाला आंग कू घ्या. कासवाच्या आकाराचा लाल पदार्थ, चिकट तांदळाच्या पिठाची पारी आणि आत मूगडाळीचं गोड सारण, थोडक्यात उकडीच्या मोदकाचा चिनी चुलतभाऊ. सकाळी आणा, त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये दगड होतो.

नासी कांदारच्या दुकानांत भातावर निरनिराळे रस्से एकत्र ओततात, आणि तेच त्यातलं सुख. मात्र मोठी कोळंबी, माशाची गाबोळी, माकूळ यांकडे बोट दाखवण्याआधी भाव विचारा. बिलात आकडा तिथेच फुगतो. ही दुकानं तमिळ मुसलमानांची, त्यामुळे डुक्कर नाही, पण बीफ असतं.

शाकाहाऱ्यांनी 'भाजी' या शब्दावर विसंबू नये, तिच्यातही बेलाचान निघतं. जॉर्जटाउनमधली भारतीय वस्ती, लिटल इंडिया, भरवशाची. वाढदिवस ऑक्टोबरच्या आसपास असेल तर नशीबच. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो आणि शाकाहारी गाड्यांवर पिवळी निशाणं लागतात.

कॉफीशॉपात आधी टेबल धरा, त्याचा नंबर गाडीवाल्याला सांगा, पदार्थ आला की रोख द्या. सुट्टे रिंगिट जवळ हवेत. पेय मात्र दुकानमालकाकडूनच घ्यायचं, तो त्याचा धंदा. बिनसाखरेची काळी कॉफी हवी तर 'कोपी ओ कोसोंग'. नुसतं 'कोपी' म्हटलंत तर कंडेन्स्ड मिल्क येणार.

जानेवारी-फेब्रुवारीतल्या वाढदिवसवाल्यांनी तिकीट काढण्याआधी चिनी नववर्षाची तारीख बघावी. त्या दिवसांत बऱ्याच चिनी गाड्या बंद असतात, आणि मग नासी कांदारवरच भागवावं लागतं.